आठ मिनिटं जास्त

चॉकलेट चाखायचा कार्यक्रम चार वाजता होता. वहिनी साडेतीनलाच येऊन भिंतीलगतची शेवटची खुर्ची धरून बसल्या होत्या, आणि आल्यापासून त्यांनी मागच्या दाराकडे एकदाही पाहिलं नव्हतं. न पाहण्यासाठी माणूस इतका आटापिटा करतो तेव्हा त्याचं सगळं लक्ष तिथेच असतं, हे काय वेगळं सांगायला हवं?

दहा महिन्यांत त्यांनी या कारखान्यात पाऊल टाकलं नव्हतं. कारखाना आपला म्हणायचा म्हणून. पुढे एक लांब खोली, मागे एक अंधारी खोली आणि मधे ते दार, एवढाच पसारा. पुढच्या खोलीत चॉकलेट वाटायची दगडी चक्की, साचे, वेष्टणांचे गठ्ठे आणि भाऊजींची बडबड. मागच्या खोलीत कोकोच्या बियांची पोती, त्या भाजायची भट्टी आणि थोरल्यांचं, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याचं, नाक. सोळा वर्षं दोघा भावांची अशी वाटणी होती. "देवाने मला नाक दिलं आणि धाकट्याला तोंड," असं थोरले स्वतःच सांगायचे. भाऊजीही हसून म्हणायचे, "दादाच्या मिशा पावसात भिजत नाहीत. वर छप्पर आहे."

नाक होतंही तसंच. चॉकलेटच्या वेष्टणावर नाव बारीक आणि मधोमध ते नाक, एका बाजूने रेखाटलेलं. दुकानात लोक "ते नाकवालं द्या" म्हणून मागायचे. घड्याळ लावून भाजणं थोरल्यांना कमीपणाचं वाटायचं. प्रत्येक पोत्याची बी निराळी, एखादी जास्त वाळलेली, एखादी ओलसर. भट्टीत फिरताना बीला आधी आंबूस वास येतो, मग भाजल्या पिठाचा, आणि मग अचानक एक गोड वास उठतो. तो उठला की दांडा ओढून बिया परातीत काढायच्या. अर्ध्या मिनिटाचा खेळ. तेवढ्यात काढल्या तर चॉकलेट, नाहीतर कोळसा. "बिस्किटं करतोय का मी, घड्याळ बघून भाजायला?" असं ते म्हणायचे. वहिनी दुपारचा डबा घेऊन यायच्या आणि मागच्या दाराशी स्टुलावर बसून फुटक्या बिया निवडायच्या. थोरले "आता!" म्हणाले की नेमका तेव्हाच तो वास यायचा. असं वर्षानुवर्षं ऐकून त्यांचंही नाक शिकून गेलं, कुणी न शिकवता.

हे वहिनींखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. आणखी एक गोष्टही कुणाला ठाऊक नव्हती, आणि ती मोठी होती.

तीन वर्षांपूर्वी थोरल्यांना ताप आला. तीन आठवडे अंथरुणाला खिळून होते. ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. कळलं ते असं. शेगडीवर दूध करपलं, घरभर वास सुटला आणि थोरले चार हातांवर निवांत पेपर वाचत बसलेले. वहिनी गच्चीवरून धावत खाली आल्या. "अहो, वास नाही का आला?" थोरल्यांनी पेपर खाली ठेवला आणि विचारलं, "कसला?" तेव्हाचा त्यांचा चेहरा वहिनी विसरू म्हटलं तरी विसरल्या नसत्या. डॉक्टर झाले, औषधं झाली, गरम पाण्याच्या वाफा झाल्या. वास आला नाही.

"धाकट्याला कळता कामा नये," थोरले म्हणाले. "माझी शपथ आहे तुला. कुणाला सांगायचं नाही."

मग दोन वर्षं भाजलं ते वहिनींनी. थोरले भट्टीसमोर रुबाबात उभे, वहिनी मागे स्टुलावर, मांडीवर बियांचं ताट, पायाशी रिकामी स्टीलची वाटी. गोड वास उठला की त्या एक बी वाटीत टाकायच्या. टण्. थोरले दांडा ओढायचे. बाहेर ट्रक वगैरे उभा असला आणि ऐकू गेलं नाही तर आणखी दोन टाकायच्या. भिंतीपलीकडे भाऊजींना काय, वहिनी बिया निवडतायत इतकंच. त्या दोन वर्षांत भल्याभल्यांनी थोरल्यांच्या नाकाचे गोडवे गायले, आणि नाक होतं वहिनींचं, चपटं, चष्मासुद्धा धड न टिकणारं. त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. उलट रात्री दोघं यावर तोंड दाबून हसायची.

वाईट वाटायला लागलं ते भाऊजींचं. ते थोरल्यांच्या मागे लागले होते, दादा, मला भाजायला शिकव. आणि थोरले त्यांना उडवून लावायचे. "नाक शिकवता येत नाही रे, असावं लागतं." भाऊजींचं तोंड एवढंएवढं व्हायचं. शेवटी एका रात्री वहिनींचा संयम सुटला. "त्यांना खरं सांगा. नाहीतर उद्यापासून मी येणार नाही. तुम्ही आणि तुमचं नाक बघून घ्या."

"नको येऊस," थोरले म्हणाले आणि कूस बदलून झोपले.

दुसऱ्या दिवशी अकराला नवं पोतं भाजायचं होतं. पावणेअकराला वहिनींनी चपला घातल्या. दारापर्यंत गेल्या. मग मनाशी म्हणाल्या, एकदा तरी माणसाने स्वतःहून बोलवावं. चपला काढल्या आणि पडदे धुवायला घेतले. दोन वाजता थोरले घरी आले, जेवले, भट्टीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. वहिनींनीही विचारलं नाही. चार दिवस दोघांचं बोलणं "वाढू का" आणि "पुरे" एवढ्यावर चाललं. पाचव्या दिवशी सकाळी थोरले दाढी करता करता बेसिनपाशीच कोसळले, ते गेलेच.

तेव्हापासून वहिनींना एकच गोष्ट कळायला हवी होती आणि तीच कळून घ्यायची भीती वाटत होती. त्या दिवशीचं चॉकलेट कसं झालं? चांगलं झालं असेल तर थोरल्यांना त्यांची गरज पडली नाही. मग रुसवा हा नुसता रुसवा, नवरा-बायकोत होतो तसा. आणि नसेल झालं तर?

भाऊजींनी ते चॉकलेट विकलं नव्हतं. दादाच्या हातचं शेवटचं म्हणून एक मोठी लादी कपड्यात गुंडाळून फळीवर ठेवली होती. आज ती फुटणार होती. "वहिनी, तुमच्याशिवाय ती मी फोडणार नाही," असं त्यांनी फोनवर सांगितलं तेव्हा नाही म्हणायला वहिनींना तोंडच उरलं नाही.

चार वाजता माणसं आली. एक दातांचे डॉक्टर, ज्यांना भाऊजी दारातच म्हणाले, "या या, तुमचाच धंदा वाढवतोय." एक निवृत्त रसायनशास्त्राचे मास्तर, स्वतःची पेन्सिल घेऊन आलेले. एक नवं लग्न झालेलं जोडपं. आणि एका मोठ्या दुकानाच्या खरेदीवाल्या बाई. पाच वर्षं त्या नाकवालं चॉकलेट घेत होत्या, गेल्या सहा महिन्यांत त्यांनी घेणं कमी केलं होतं. भाऊजींची सगळी धडपड त्यांच्यासाठी होती, हे त्यांच्या ग्लासात तीनदा पाणी भरलं गेलं त्यावरून कुणालाही कळलं असतं.

टेबलावर खाकी कागद अंथरला होता. प्रत्येकापुढे तीन तुकडे, चौथ्याची रिकामी जागा, कोमट पाणी आणि एक कागद. कागदावर चार ओळी आणि वर एकच प्रश्न होता, काय आठवलं?

"मंडळी, चावायचं नाही," भाऊजींनी सुरुवात केली. "चावलंत तर मी बुडालो. आधी कानापाशी मोडा, आवाज ऐका. मग वास. मग जिभेवर ठेवून द्यायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसणं मला जमत नाही, पण तुम्हाला जमेल."

पहिला तुकडा दीड वर्षापूर्वीचा होता, कपाटात सापडलेल्या शेवटच्या बारचा. खट् खट् असे आवाज झाले आणि खोली शांत झाली. जोडप्यातली मुलगी म्हणाली, "मला शाळेच्या सुट्टीचा पहिला दिवस आठवला," आणि स्वतःच लाजली. मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवून दिली. खरेदीवाल्या बाईंनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. वहिनींनीही तुकडा जिभेवर ठेवला. वेष्टणावरची तारीख त्यांनी पाहिली होती. त्या दिवशी बाहेर ट्रक घरघरत होता आणि त्यांना तीन बिया टाकाव्या लागल्या होत्या. नंतर थोरले म्हणाले होते, "अगं, आधी ऐकू आलं होतं मला. तुझी गंमत केली." चॉकलेट विरघळत गेलं आणि वहिनींना दहा महिन्यांत पहिल्यांदा नवरा जवळ असल्यासारखा वाटला.

दुसरा तुकडा भाऊजींनी भाजलेला, तिसराही त्यांचाच. दुसरा जिभेवर ठेवताच वहिनींच्या मनात आलं, करपलंय. तिसरा ठेवला. तोही करपलेला. डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास उचलला. नवरा बायकोला भरवत होता, ते भरवणं थांबलं. खरेदीवाल्या बाईंनी अर्धा तुकडा कागदाच्या कडेला हळूच ठेवून दिला. शिकतायत बिचारे, वहिनी मनाशी म्हणाल्या. नवशिक्याचा हात आहे, होतं असं. पण दोन्ही तुकडे अगदी सारखे करपलेले होते, त्याचं त्यांना नवल वाटलं. नवशिक्याचं एकदा कच्चं राहतं, एकदा जळतं. इतकं नेमानं जळत नाही.

"आता चौथा," भाऊजी म्हणाले. त्यांनी फळीवरची लादी खाली घेतली, कपडा उलगडला आणि लहान हातोडीने टिचकी मारावी तशी मारली. तुकडे वाटताना त्यांचा आवाज एकदम खाली आला. "हे माझ्या दादाच्या हातचं शेवटचं. दादाने मला कधी भाजणं शिकवलं नाही. लिहूनही ठेवू द्यायचा नाही. पण त्या दिवशी माझं नशीब जोरावर. नव्या पोत्याची चिठ्ठी द्यायला मी मागे गेलो आणि दाराआडूनच बघत उभा राहिलो. रोज असल्या बिया चोविसाव्या मिनिटाला काढतो तो. त्या दिवशी चोवीस झाली, पंचवीस झाली, दादा हलेना. मंडळी, त्या दिवशी तो वास घेतच नव्हता! कान देऊन उभा होता. मान अशी मागच्या दाराकडे वळवलेली आणि ऐकतोय. नुसता ऐकतोय. मी म्हटलं, बाप रे, आता याला नाकाचीही गरज उरली नाही, हा बियांचा आवाज ऐकून भाजतो! बत्तीस मिनिटं झाल्यावर दांडा ओढला. आठ मिनिटं जास्त. मी नंतर गुपचूप भिंतीवर पेन्सिलीने आकडा लिहून ठेवला. तेव्हापासून मी प्रत्येक घाणा बत्तीसलाच काढतो. एक सेकंद इकडे नाही, तिकडे नाही."

"वा!" मास्तर म्हणाले. ते मनापासून म्हणाले.

वहिनींच्या हातात तुकडा तसाच राहिला होता. तो खायची आता काही गरज नव्हती. तरी त्यांनी तो तोंडात ठेवला. करपलेला होता. दुसऱ्या-तिसऱ्यासारखाच, तंतोतंत. चावू नका सांगितलं होतं म्हणून त्यांनी चावला नाही, आणि तो कडूपणा सावकाश, पुरता, शेवटपर्यंत जिभेवर उतरू दिला. तेव्हा त्यांना भट्टीपुढे उभे असलेले थोरले दिसले. स्टुलाच्या पायाशी वाटी ठेवली असणार त्यांनी, नेहमीच्या जागी. त्या वाटीत काही वाजेल म्हणून मान वळवून उभे. आणि त्याच वेळी आपण इकडे पडदे पिळत होतो. दुःखापेक्षाही त्यांना लाज वाटली, इतकी की मान वर करवेना. समोरच्या कागदावर चौथ्या ओळीत त्यांनी काहीच लिहिलं नाही.

माणसं पांगली. जाताना डॉक्टर पाठीवर थाप मारून गेले, जोडप्याने पहिल्यासारखा एखादा बार शिल्लक आहे का विचारलं. खरेदीवाल्या बाई दारात थांबल्या. भल्या बाई होत्या, शब्द जपून वापरत होत्या. "पहिल्या तुकड्यासारखं पुन्हा होईल तेव्हा मला फोन करा. मी स्वतः येईन. पण हे बाकीचं यापुढे पाठवू नका."

"पण चौथा दादाचा होता," भाऊजी म्हणाले.

"हो," बाई म्हणाल्या आणि गेल्या.

भाऊजी परत आले आणि रागारागाने ग्लास गोळा करू लागले. "कळत नाही यांना. सुट्टीचा पहिला दिवस म्हणे! वहिनी, मलाही कडू लागतं, खोटं कशाला बोलू? घरी कुणी माझं चॉकलेट तोंडात धरत नाही. पण दादाचं नाक चुकेल? माझी जीभ चुकत असेल, लोकांची चुकत असेल. दादाचं नाक चुकलं असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही. उद्या कुलूप लावावं लागलं तर लावीन, पण बत्तीसचं एकतीस करणार नाही." बोलता बोलता ते ग्लास पुसत राहिले, आधीच पुसलेला.

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. पन्नाशीला आलेला माणूस, भावाच्या चुकीची दहा महिने मनोभावे नक्कल करत बसलेला. आणि चूक तरी भावाची कुठे होती? सांगावं तर शपथ. वेष्टणावरचं ते नाक, सोळा वर्षांचं नाव, थोरल्यांनी मरेपर्यंत झाकलेली गोष्ट. न सांगावं तर हा माणूस अशाच बिया जाळत राहणार, दार बंद होईपर्यंत. सांगायचं नाही अशी शपथ होती. वहिनी उठल्या.

"भाऊजी, भट्टी लावा."

"आत्ता? कशाला?"

"लावा म्हणते ना."

मागचं दार त्यांनी स्वतः उघडलं. खोली होती तशीच होती. भट्टीशेजारी भिंतीवर पेन्सिलीचा बत्तीस, त्याच्याभोवती भाऊजींनी काढलेला चौकोन. स्टूल मात्र पोत्यांमागे ढकललेलं होतं. वहिनींनी ते ओढून मागच्या दाराशी आणलं, पदराने पुसलं, ताट मांडीवर घेतलं. वाटी फळीवर पालथी होती. ती उचलून पायाशी ठेवली.

भाऊजींनी बिया ओतल्या, घड्याळ लावलं आणि भट्टीकडे तोंड करून उभे राहिले. ड्रम फिरायला लागला. वहिनी निवडत बसल्या, फुटकी इकडे, चांगली तिकडे. आंबूस वास आला आणि गेला. भाजल्या पिठाचा वास आला. वहिनींचे हात थांबले. बोटांत एक बी धरून त्या श्वास घेत राहिल्या, आणि मग तो गोड वास उठला.

टण्.

भाऊजी हलले नाहीत. त्यांची नजर घड्याळावर होती. वहिनींनी आणखी दोन टाकल्या.

टण्. टण्.

भाऊजींचे खांदे ताठ झाले. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. पुढच्या खोलीत वेष्टणं लावताना त्यांनी तो दोन वर्षं ऐकला होता, आणि त्याच्यामागोमाग दर वेळी दांड्याचा खडखडाट. त्यांनी मागे पाहिलं. वहिनींकडे, वाटीकडे, पुन्हा वहिनींकडे. मग वळून दोन्ही हातांनी दांडा ओढला. बिया परातीत कोसळल्या आणि खोलीभर वास पसरला, दुपारच्या पहिल्या तुकड्याचा. घड्याळात तेवीस मिनिटं झाली होती.

बराच वेळ परातीतल्या बिया तडतडत होत्या.

"कधीपासून?" भाऊजींनी विचारलं.

"तो ताप गेल्यापासून."

भाऊजी भिंतीवरच्या आकड्याकडे बघत राहिले. मग सावकाश त्यांची मान वळली, स्टुलाकडे, मागच्या दाराकडे. अगदी त्या दिवशी थोरल्यांची वळली होती तशी. "म्हणजे दादा त्या दिवशी बिया ऐकत नव्हता," ते म्हणाले.

"मी चपला घातल्या होत्या, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "घातल्या आणि काढल्या."

वहिनींनी वाकून वाटीतल्या तीन बिया उचलून मुठीत घेतल्या.

"ह्यांनी वाट पाहिली हो माझी. आठ मिनिटं."